पातेल्यातलं पाणी

आमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये रात्री साडेअकराला फ्रीज उघडला की आत साधारण एवढं सापडतं: स्टीलच्या डब्यात अर्धी वाटी कालचं पिठलं, कापून ठेवलेलं अर्धं लिंबू, चीजच्या दोन स्लाइस, बर्गरबरोबर फुकट आलेली सॉसची पाकिटं आणि कुणी आणली ते कुणालाच आठवत नाही अशी एक सिमला मिरची. डबेवाल्या काकूंचा डबा आठला येतो. साडेआठला आम्ही तिघं तो संपवलेला असतो. पण अमेरिकेच्या वेळेवर चालणारा कॉल संपवून उठलं की पुन्हा भूक लागते. मग वरच्या कपाटातून नूडल्सचं पाकीट निघतं आणि प्रश्न एकच उरतो: आज ह्यात काय टाकायचं?

गेल्या चार वर्षांत काय काय टाकून झालंय सांगतो. पिठलं, उत्तम. मटकीची उसळ, त्याहून उत्तम. पण वर फरसाण नको, कारण मसाल्यात मीठ आधीच भरपूर असतं. ठेचा आणि चीज, परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी. लोणच्याचा खार, चमचाभरच. शेंगदाण्याचं कूट, लिंबू आणि चमचाभर साजूक तूप, हा माझा स्वतःचा शोध आहे असं मी बरेच दिवस समजत होतो. मग कळलं की जपानमध्ये तीळ वाटून रामेनच्या रश्श्यात घालतात, त्याला तानतानमेन म्हणतात, आणि त्यासाठी लोक रांगा लावतात. आणि एकदा श्रीखंड. पण ती पैज होती.

आमच्यातला एक नांदेडचा, एक गंगटोकचा. गंगटोकवाल्याने आम्हाला वाय-वाय शिकवलं. म्हणजे काही शिजवायचंच नाही. पाकीट हातानेच चुरायचं, त्यात कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, लिंबू आणि कच्चं मोहरीचं तेल. त्या नूडल्स आधीच शिजवून, तळून, मसाला लावून आलेल्या असतात, म्हणून हे चालतं. त्याने मोठ्या अभिमानाने वाडगा पुढे केला. नांदेडवाल्याने पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, "अबे, ही तर भेळ आहे."

इतक्या रात्रींच्या अनुभवातून माझे काही नियम तयार झालेत. मसाल्याचं पाकीट आधी अर्धंच टाकायचं; दुसरं जे काही पडणार आहे त्यालाही मीठ असतं. एक आंबट, एक स्निग्ध आणि एक कुरकुरीत गोष्ट असली की बाकी काहीही चालतं. अंडं घालायचं तर गॅस बंद करून, फेटून, धार धरून. ताकात नूडल्स शिजवायच्या तर ताकाला आधी बेसन लावायचं, कढीला लावतो तसं, नाहीतर ताक फुटतं आणि पातेल्यात पांढरे गोळे आणि पिवळं पाणी वेगवेगळं फिरत राहतं. हा नियम कसा सापडला ते सांगायला नकोच.

आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: पातेल्यातलं पाणी फेकायचं नाही. नूडल्स संपल्यावर तळाशी जो मसालेदार, पिठूळ रस्सा उरतो त्यात पोळीचे किंवा पावाचे तुकडे कुस्करायचे. हा नियम मी दोघा रूममेटना असा सांगितला होता, जणू पेटंट माझ्याच नावावर आहे.

*

इन्स्टंट नूडल्सचा खरा शोध लावला मोमोफुकु आंदो यांनी. युद्धानंतरच्या ओसाकात वाफाळत्या रामेनच्या एका ठेल्यापुढे थंडीत उभी असलेली लांबलचक रांग त्यांनी पाहिली होती. पुढे धंदा बुडाल्यावर, ओसाकाजवळच्या इकेदामध्ये घराच्या मागे शेड बांधून ते नूडल्स टिकवायच्या मागे लागले. त्यांची बायको स्वयंपाकघरात तेम्पुरा तळत होती आणि ते बघून त्यांना उत्तर सापडलं, अशी गोष्ट सांगतात. तळताना पिठातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि जागोजागी बारीक छिद्रं उरतात. पुन्हा गरम पाणी ओतलं की ते त्याच छिद्रांतून आत शिरतं. २५ ऑगस्ट १९५८ रोजी पहिलं पाकीट बाजारात आलं. आंदो तेव्हा ४८ वर्षांचे होते.

मला त्यापुढची गोष्ट जास्त आवडते. १९६६ साली आंदो आपली पाकिटं घेऊन अमेरिकेत गेले. तिथल्या दुकानदारांकडे रामेनचे वाडगे नव्हते, चॉपस्टिक्सही नव्हत्या. त्यांनी नूडल्सचे तुकडे केले, कपात टाकले, वर गरम पाणी ओतलं आणि काट्याने खाल्ले. कुणालाही वाटलं असतं, काय हे वाटोळं केलं! आंदोंनी मात्र त्यातून कप नूडल्स काढल्या आणि १९७१ साली विकायला आणल्या. म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध कपातली नूडल हीसुद्धा कुणाच्या तरी 'आहे त्यात भागवा'मधून निघालेली आहे.

कोरियात बुदे-जिगे नावाचा एक रस्सा आहे. त्याचा अर्थ सैनिकी तळाचा रस्सा. १९५० ते ५३ च्या युद्धानंतर खायची मारामार होती, तेव्हा अमेरिकी तळांवरून मिळालेलं डब्यातलं मांस आणि सॉसेज लोकांनी किमची-मिरचीच्या रश्श्यात घातलं. पुढे त्यात इन्स्टंट नूडल्सही आल्या. आज लोक तो हौसेने हॉटेलात जाऊन मागवतात, टेबलावर शेगडी ठेवून चौघांत मिळून खातात. आणि 'पॅरासाइट' पाहिला असेल तर त्यातला तो प्रसंग आठवा. घरी परत येता येता श्रीमंत बाई फोन करून मोलकरणीला सांगते, दोन प्रकारच्या स्वस्त नूडल्स एकत्र कर आणि वर महागातलं बीफ टाक. मोलकरीण धावतपळत करते. टेबलाशी बसून खाते ती बाई.

हे सगळं मला पाठ होतं. रूममेटना मी ते जेवताना ऐकवायचो. बुदे-जिगे म्हणजे गरिबीतून आलेली कला वगैरे वाक्यंही टाकायचो. आपल्या घरात हे कुठे आहे, असा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

*

मागच्या फेब्रुवारीत आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली. कराडजवळच्या आमच्या गावातून वडिलांना निघता येईना. उसाला पाणी रात्रीचं, आणि दोन म्हशी. मग मीच दहा दिवस घरून काम घेतलं. माझी खोली आईला दिली आणि मी हॉलमध्ये गादी टाकली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, गॅसपुढे उभं राहायचं नाही. दर चार तासांनी थेंब, आणि थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं. आईला यातलं फक्त गॅसपुढे उभं न राहणं अवघड गेलं. मी चहा करताना ती काळा चष्मा लावून दारात उभी राहायची आणि सांगायची, "आधण नीट येऊ दे. आलं ठेचून घाल, चिरून नगं."

माझे रात्रीचे प्रयोग तिने पाहिले. पिठलं घातलेल्या नूडल्स बघून म्हणाली, "काय बी करतासा रं तुमी." पण हसली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला मी कॉल संपवून बाहेर आलो. स्वयंपाकघरात दिवा होता. आई ओट्याला टेकून उभी होती. डोळ्यांवर तो काळा चष्मा, डोक्यावर पदर, एका हातात आमचं नूडल्सचं पातेलं. रूममेटनी संध्याकाळी केलेल्या नूडल्सचं तळाशी उरलेलं पाणी, त्यात कुस्करलेली डब्यातली एक पोळी, दुपारचा मूठभर भात, आणि वर शेंगदाण्याची चटणी. ती चमच्याने सावकाश खात होती. तिने मला पाहिलं नाही.

मला इतकं हसू आलं! रात्री साडेदहाला गॉगल लावून माझी आई रामेन खातेय. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'मास्टरशेफ आई, सीझन १'.

पाच मिनिटांत हसून डोळ्यांत पाणी आलेले पंधरा-वीस चेहरे आले. मामा म्हणाला, ताई एकदम हिरॉइन. चुलत वहिनीने रेसिपी मागितली. मी सगळं वाचत खूश होऊन झोपलो.

आईला मोबाइल बघायला मनाई होती, म्हणून रोज सकाळी थेंब घातल्यावर मी तिला ग्रुपवरचे मेसेज वाचून दाखवायचो. सुप्रभात, कुणाचा वाढदिवस, कुणाचं बारसं. त्या दिवशी फोटोचं सांगितलं आणि एकेक वाचत गेलो. ती डोळे मिटून हसत होती. मामाच्या मेसेजला तर मोठ्याने हसली. मग आत्याचा मेसेज आला. मी त्याच सुरात तोही वाचला: "वहिनीची जुनी सवय. अजून गेली नाही वाटतं."

आईचं हसू थांबलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "फोटू काढायच्या आधी सांगायचंस की रं. बसले असते मी."

बाकी काही बोलली नाही. त्या रात्री मी विचारलं, नूडल्स करू का तुला? म्हणाली, पोट भरलंय. दुसऱ्या रात्रीही तेच. आणि आमचं खाणं झालं रे झालं की पातेलं घासून पालथं घातलेलं दिसायचं. नको म्हटलं तरी.

*

फोटो काढून टाकावा असं मला फार उशिरा सुचलं. तोवर 'सगळ्यांसाठी डिलीट करा'ची वेळ निघून गेली होती. तो अजून तिथे आहे.

सहाव्या दिवशी दुपारी थेंब घातल्यावर मी तिच्याजवळ बसून राहिलो. माफी मागायची होती, पण आमच्या घरात कुणी कुणाची शब्दांत माफी मागत नाही. मग मी विचारलं, "आत्या जुनी सवय म्हणाली ती कसली?"

डोळे मिटलेले असले की माणूस बोलतो. ते तिचं एरवीचं बोलणं नव्हतं. वर छताकडे तोंड करून, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं ती बोलत होती.

"अकरा माणसं व्हती घरात. आधी बाप्ये, मग पोरं, मग सासूबाई आन् तुझी आत्या. मग आमी दोघी जावा. भाकरी उरायची तवा कालवण नसायचं. कालवण उरायचं तवा भाकरी नसायची. मग जुळवायचं. आमटीच्या बुडाला भाताची खरपूड. ताकात भाकरी. चटनीत नुसतं पानी. येकदा तर चहात भात खाल्लाय मी."

"आजी काही म्हणायची नाही?"

"ती काय म्हननार? तिनं बी तिच्या येळंला तसंच खाल्लेलं."

मग तिने नूडल्सचं सांगितलं. मी चार-पाच वर्षांचा असेन. मुंबईहून आलेल्या चुलत्यांनी पाकीट आणलं होतं, एकच. आम्ही पोरं पाच. सगळ्यांना पुरावं म्हणून तिने त्यात तांब्याभर पाणी ओतलं. आम्ही नूडल्स ओढून ओढून खाल्ल्या. पातेल्यात पिवळं पाणी उरलं. ते टाकायला तिचा हात होईना. तिने सकाळची चपाती त्यात कुस्करली आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ली.

"लय ग्वाड लागलं," ती म्हणाली. "मग तुमी कवा बी खाल्लं की मी वाट बघायची, पानी किती उरतंय. मला ते आवडायचं, बरं का. पर आवडतंय म्हनून खातीया असं कुनाला कधी वाटलंच न्हाई. उरलंय म्हनून खातीया, असंच."

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी सांगितलं नाही. तिनेही डोळे उघडले नाहीत.

"तुझ्या घरात तरी मागून घ्यायला पायजे व्हतं मी," ती म्हणाली. "पर जीभ वळत न्हाई."

*

माझ्या मनात आधी आला तो पेटंटचा विषय. पातेल्यातल्या पाण्यात पोळी कुस्करायची, हा माझा नियम. ओट्याच्या उंचीएवढा असताना मी तो नक्कीच रोज बघितला असणार. मी शोधलेलं काहीच नाही. कूटही तिचंच, ताकाला बेसनही तिचंच.

पण सगळं तिचं आहे एवढं म्हणून मला सुटता येत नव्हतं. आम्ही दोघं एकच पदार्थ खातो. मी तो वाडग्यात घेतो, वर कोथिंबीर टाकतो, दिव्याखाली धरून फोटो काढतो आणि गादीवर मांडी घालून खातो. मला पाहिजे तर मी दुसरंही काही मागवू शकतो. मोबाइल हातातच असतो. म्हणून माझा तो प्रयोग होतो. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून तिची ती सवय झाली. हॉटेलात बुदे-जिगे मागवणाऱ्याला आणि तळाबाहेर उभं राहून डबे मिळवणाऱ्याला एकच चव लागत असेल का, हा प्रश्न मी रूममेटना जेवताना कधी विचारला नव्हता.

आणि तिसरी गोष्ट आठवली, ती सांगायला सगळ्यात नको वाटते. जून २०१५. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशाने मॅगी देशभर दुकानांतून गेली, ती कोर्टाचा निकाल आणि नव्या तपासण्या होऊन नोव्हेंबरात परत आली. मी बारावीला होतो. रात्री अभ्यासाला बसलं की नूडल्सच पाहिजेत म्हणून कुरकुर करायचो. एका रात्री आईने ताटलीत कुरडईची भाजी आणून ठेवली. म्हणाली, "ह्ये बी तसंच लागतंय, बघ." मी ताटली सरकवली आणि म्हणालो, असलं म्हातारं खाणं मला नको. तिने ती उचलून आत नेली. तिने ती कुठे उभं राहून खाल्ली असेल ते आता मला माहीत आहे.

कुरडई ज्यांनी फक्त तळून खाल्लीय त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. वाटून, गाळून, खाली बसलेला चीक घ्यायचा. तो मीठ घालून घोटत घोटत शिजवायचा. हात भरून येतात. गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर कापडावर पाडायचा आणि एप्रिलच्या उन्हात खडखडीत वाळवायचा. वर्षभर टिकते. मग पाहिजे तेव्हा गरम पाण्यात भिजवली की मऊ होते, आणि कांदा-मिरचीच्या फोडणीत पाच मिनिटांत भाजी. म्हणजे शिजवून, वाळवून ठेवलेली आणि पाण्याने परत जिवंत होणारी शेवच. आंदोंनी पाणी तेलात काढलं, आपल्या बायकांनी उन्हात.

*

आईच्या पिशवीत कुरडया होत्याच. कुणाकडेही जाताना ती त्या आणतेच. नवव्या दिवशी रात्री मी चार कुरडया गरम पाण्यात टाकल्या. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर काळा चष्मा लावून बसली. रूममेट दोघंही बघायला उभे राहिले.

"लई येळ ठेवू नगंस, लगदा हुईल," ती म्हणाली. "कांदा लाल करू नगं, नुसता मऊ."

कांदा, हिरवी मिरची, हळद झाली. भाजी कोरडी करायची की रश्श्याची, यावर आमची चर्चा सुरू झाली. नांदेडवाला म्हणाला कोरडी. गंगटोकवाला म्हणाला सूप. मी नूडल्सच्या मसाल्याचं उरलेलं अर्धं पाकीट आणि कूट टाकलं, दोन पेले पाणी ओतलं आणि उकळी येऊ दिली. वास आला तसे तिघंही गप्प झालो.

मी चार वाडगे मांडले. आईच्या हाताला सवयीनं आलं, "तुमी घ्या आधी." गंगटोकवाल्याला मराठी फार येत नाही, पण तेवढं कळलं. त्याने तिच्या हातात पहिला वाडगा दिला आणि हिंदीत म्हणाला, "आंटी, आप बताओ नमक ठीक है क्या." आता चव सांगायची म्हणजे खावंच लागणार.

तिने चमचाभर घेतलं. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"मीठ बरं हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, वाडग्यात बघत: "पानी वाढीव की अजून."

"पातळ होईल गं."

"होऊ दे. चपाती बुडवायला मला पायजे."

मी गॅस पुन्हा लावला आणि पेलाभर पाणी ओतलं.